संगिनीवरचे शिक्के आणि खंडेनवमीची घासपूस

सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. अशा फौजी परंपरेच्या जिल्ह्यात खंडेनवमीला एखाद्या घरी तलवार-कट्यारीशेजारी ब्रिटिश अमदानीतली संगीन पूजेला मांडलेली दिसली, तर नवल नाही. पूजेआधी ती चिंच, लिंबू किंवा विटकरीच्या भुकटीने लख्ख घासली जाते आणि तिची ओळख सांगणारी अक्षरे याच घासण्यात झिजतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

भारतीय फौजेने एन्फील्ड रायफलीबरोबर वापरलेली 1907 च्या नमुन्याची संगीन 17 इंची पात्याची असते. शिक्के पाहायचे ते मुठीलगतच्या, धार न काढलेल्या सपाट भागावर. तेथे एका अंगाला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग 1907 हा आकडा आणि शेवटी महिना, वर्ष व कारखान्याचे नाव असते. पुष्कळ जण 1907 हेच संगीन घडवल्याचे वर्ष समजतात, पण ते नमुना मंजूर झाल्याचे वर्ष आहे. खाली ‘5 17’ असेल, तर ती संगीन मे 1917 मधली. ‘ई आर’ ही अक्षरे सातव्या एडवर्डची, म्हणजे 1910 पर्यंतच्या राजवटीची, तर ‘जी आर’ जॉर्ज राजाची. विल्किन्सन किंवा सँडरसन हे नाव इंग्लंडमधल्या घडणीचे, तर ‘आर एफ आय’ बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्याचे.

दुसऱ्या अंगावर बाणाच्या सरकारी खुणेजवळ फुलीसारखी एक खूण असते. पाते वाकवून पाहण्याच्या कसोटीला उतरले, असा तिचा अर्थ. पोलाद तापवून एकदम थंड केले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याला चिवटपणा आणावा लागतो. हे पाणी नीट चढले नसेल, तर पाते मोडते किंवा वाकलेलेच राहते.

पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. पाते वाकताना ताण पृष्ठभागाजवळ सर्वाधिक आणि मध्याजवळ नगण्य असतो, त्यामुळे मधले पोलाद कमी केले तरी ताठपणा फारसा घटत नाही, वजन मात्र घटते.

अक्षरे पुसलेली असली तरी घडण बोलते. मुठीपुढच्या आडपट्टीचा हुकासारखा वळलेला आकडा 1913 मध्ये रद्द झाला आणि मुठीच्या टोकाला माती निघून जाण्यासाठीचे भोक 1916 पासून आले. दुसऱ्या महायुद्धात भारतात जुनी पाती कापून 12 इंचांची केली गेली. अशा पात्यात पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत पोचलेली दिसते. तेव्हा पणजोबांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून, म्हणजे आजच्या इराकमधून आणली असे घरात सांगत असतील आणि पाते 12 इंची निघाले, तर ते आजच्या रूपात त्या मोहिमेत असणे शक्य नाही. शिक्का जन्मसाल सांगतो, ती कोणत्या लढाईत होती हे नाही. त्यासाठी मुठीच्या टोकावरची पलटणीची अक्षरे शोधावी लागतात.

ठसा मारताना केवळ वरचे पोलाद दबत नाही, त्याखालच्या स्फटिकांची रचनाही काही खोलीपर्यंत विस्कटते. तो भाग आम्लाला आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळा प्रतिसाद देतो आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच गुणाचा उपयोग करून कानशीने घासलेले क्रमांक पुन्हा उघड करतात. हा उपाय पात्याची कायमची हानी करतो, त्यामुळे तो घरी करू नये. अंधाऱ्या खोलीत बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला, तर पुसट अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. त्यांचा फोटो आधी काढावा. मग गंजाची सुटी लाल भुकटी तेलाच्या बोळ्याने हलकेच टिपावी आणि घट्ट बसलेला काळपट थर तसाच राहू द्यावा.