८४ दिवसांचं कोडं

२०२१ च्या मे महिन्यात आमचे मामा करवीर तालुक्यातल्या एका लसीकरण केंद्रावर कोव्हिशील्डच्या दुसऱ्या डोससाठी सकाळी सहालाच रांगेत चप्पल ठेवून बसले. दहाला नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्या डोसनंतर ८४ दिवस झाल्यावर या." मामांनी तिथंच निदान केलं, "लस संपल्या, म्हणून तारीख वाढवल्या."

निम्मं निदान बरोबर होतं. टंचाई खरीच होती. त्याच आठवड्यात राज्यानं १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं होतं. पण निम्मं चुकलं. दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर या लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त असेल तर ८१ टक्के, असं ऑक्सफर्डच्या चाचण्यांतून आधीच पुढं आलं होतं.

कारण काय? दंडावर लस टोचली की काखेतल्या लसिका ग्रंथींत बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, तालीम भरते. विषाणूला घट्ट पकडणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या गळतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. त्यातून तयार झालेल्या स्मृतिपेशी म्हणजे डाव मुरलेले पैलवान. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात, म्हणून सर्दी-ताप पुन्हा गाठतो. पण स्मृतिपेशी आणि लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी पेशी मागं असतात, त्यामुळं दुखणं सहसा ऑक्सिजनपर्यंत जात नाही. दुसरा डोस असो वा बूस्टर, म्हणजे नंतरचा जादा डोस, तो या मुरलेल्या पैलवानांना पुन्हा आखाड्यात उतरवतो; घाई केली तर पैलवान अजून तालमीतच.

खुलासा एवढाच. पण केंद्राच्या फळ्यावर तो कुणी लिहिला नाही. लिहिली ती फक्त नवी तारीख.

बूस्टरचंही तेच झालं. जग 'बूस्टर' म्हणत होतं, आपल्याकडं नाव 'प्रिकॉशन डोस'. १० जानेवारी २०२२ ला तो सुरू झाला तेव्हा अंतर नऊ महिने, जुलैत सहा. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना एप्रिलमध्ये खासगी दवाखान्यात पैसे मोजून, जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रात फुकट. (एप्रिलमध्ये पैसे भरलेल्यांना काय वाटलं, ते विचारू नका.)

अमेरिकेतही गोंधळ होताच. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं बूस्टरची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीनं सरसकट बूस्टर १६ विरुद्ध २ मतांनी नाकारला. त्यानं विश्वास ढळला म्हणतात. मला तर असं चव्हाट्यावरचं भांडण बरं वाटतं; कोण कशावर अडलंय ते निदान दिसतं. मामांना भांडण दिसलंच नाही, दिसला तो ८४ चा आकडा.

तिसरा डोस त्यांनी घेतलाच नाही. गेल्या हंगामात उसाचा पाला काढताना मात्र पायाला विळा लागला, तर तशाच रक्ताळल्या पायानं गाडीवर टांग टाकून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. तोही बूस्टरच की, असं मी म्हटल्यावर म्हणाले, "आसंल. पर त्येची तारीख कवा कुणी बदलली न्हाई."