नोव्हेंबरातली कादंबरी: आकडा कुठून आला आणि जागा रिकामी का सोडायची

३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी. जगभर ‘नॅनोरायमो’ (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चं लघुरूप) या नावाने पसरलेल्या या खटाटोपाचे नियम पाहिले की वाटतं, कुणीतरी बराच अभ्यास करून ते ठरवले असावेत. तसं काही नव्हतं.

१९९९च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी या तरुणाने ओळखीच्या मंडळींना जमवलं. सगळे मिळून २१ जण. किती लिहिलं म्हणजे कादंबरी म्हणायची, हे ठरवायला त्याने आपल्या कपाटातली सगळ्यात बारीक कादंबरी काढली आणि ढोबळमानाने शब्द मोजले. ती निघाली हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, आणि मोजणी आली ५०,०००च्या आसपास. (पुस्तक खरं तर त्याहून बरंच मोठं आहे, पण आकडा चिकटला तो चिकटलाच.) त्या महिन्यात सहा जणांनी मजल गाठली. पुढच्या वर्षी महिना बदलून नोव्हेंबर धरला. कारण एवढंच की तिकडे तेव्हा हवा इतकी वाईट असते की घराबाहेर पडावंसं वाटत नाही. २००० साली १४० जण आले. २००१ला साधारण तेवढेच येतील अशा बेताने तयारी केली, तर ५,०००च्या आसपास लोक येऊन धडकले. घाईने कादंबरी लिहिण्याची स्पर्धा याआधीही होती. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९७७पासून तीन दिवसांत कादंबरी लिहीत होते. पण तिथे परीक्षक होते, निवड होती. इथे ५०,००० भरले की जिंकलात, मजकूर कुणी वाचणारच नाही.

तयारीचा प्रश्न उभा राहतो तो एका नियमामुळे. १ नोव्हेंबरच्या आधी टिपणं, आराखडा, पात्रांची माहिती हवी तेवढी लिहा, पण कादंबरीतलं एक वाक्यही नको. अर्धवट पडलेलं जुनं हस्तलिखित आणायला सुरुवातीला मनाई होती. जुन्या मजकुरावर जीव जडलेला असतो, माणूस त्याला जपत बसतो, आणि वेग गेला की हा खेळच संपला. त्यामुळे ऑक्टोबर हा आपोआप तयारीचा महिना झाला.

बेटीने २००४ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यातली एक युक्ती अजून टिकून आहे: दोन याद्या करायच्या. एकीत, कादंबरीत तुम्हाला काय वाचायला आवडतं. दुसरीत, काय कंटाळवाणं वाटतं. पहिलीचा उपयोग उघड आहे. आमच्या मते खरी कामाची दुसरी. कारण स्वतःला न आवडणाऱ्या गोष्टीच ‘गंभीर साहित्यात हे हवंच’ असं म्हणत गुपचूप आत शिरतात. लांबलचक पावसाची वर्णनं ज्याला वाचवत नाहीत, तोच तिसऱ्या दिवशी पाऊस पाडत बसतो.

आराखडा किती करावा? सरासरी १,१०० शब्दांचा एक प्रसंग धरला तर पूर्ण कादंबरीला ४५ प्रसंग लागतात. ते सगळे आधीच आखले तर हमखास एक अडचण येते. बाराव्या दिवसाच्या सुमारास पात्र भलतीकडे निघालेलं असतं. मग लिहिणारा एकतर त्याला ओढून मूळ वाटेवर आणतो, किंवा लिहिणं थांबवून आराखडा दुरुस्त करतो. दोन्हीत दिवस जातात. म्हणून पहिल्या दहा दिवसांपुरते १५ प्रसंग एकेका ओळीत लिहावेत, पुढे चार-पाच खुणेचे दगड रोवावेत आणि मधली जागा रिकामी सोडावी.

रिकाम्या जागेत काय उगवतं याचं ठळक उदाहरण अमेरिकन लेखिका एरिन मॉर्गेनस्टर्नचं. नोव्हेंबरात ती वेगळीच गोष्ट लिहीत होती. काही घडेना, कंटाळा आला, म्हणून तिने पात्रांना सर्कशीत पाठवलं. मूळ गोष्टीपेक्षा सर्कसच भारी निघाली. ‘द नाइट सर्कस’ २०११मध्ये छापून आली, पण मध्ये अनेकदा पुनर्लेखन झालं. नोव्हेंबरात हाती येतो तो कच्चा खर्डा, हे विसरू नये. सहभागींमध्ये तर गाडं अडलं की कुणाला तरी फावड्याने मारायचं, अशी एक जुनी गंमतच आहे. फावडं कुठून आलं, ते मागाहून बघू.

अनपेक्षित गोष्ट आली की मागे जाऊन दुरुस्त्या करायच्या नाहीत. समजा, सातव्या दिवशी नायिकेचा भाऊ नकोसा झाला. तर त्याच ओळीत चौकटी कंसात लिहायचं, [भाऊ नव्हताच, मागचं डिसेंबरात बघू], आणि पुढचं वाक्य तो कधी नव्हताच असं समजून लिहायचं. खोडायचं काहीच नाही.

रोजचा हिशेब १,६६७ शब्दांचा. तीन दिवस बुडाले की ५,०००ची थकबाकी. दुसरा आठवडा बदनाम आहे, कारण नव्याची नवलाई संपलेली असते आणि शेवट दिसत नसतो. पहिले सात दिवस रोज २,००० लिहिले तर २,३०० शब्दांहून थोडी जास्त शिल्लक पडते, ती तिथे कामी येते.

ही चळवळ चालवणारी संस्था आता नाही. अल्पवयीन सहभागींच्या सुरक्षिततेच्या तक्रारी, कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलच्या निवेदनावरून उठलेलं वादळ आणि पैशांची ओढाताण यांनंतर मार्च २०२५च्या अखेरीस ती बंद होत असल्याचं जाहीर झालं. महिना कुणाच्या मालकीचा नव्हता, तो चालूच आहे. शब्दांची नोंद मात्र आता आपणच वहीत ठेवायची.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आकडा जसाच्या तसा उचलू नये. ‘फ्रॉम द व्हिलेज’ हे तीन शब्द, आपलं ‘गावाहून’ एक. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटत असल्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. ४०,००० शब्दांचं लक्ष्य आम्हाला रास्त वाटतं. आणखी एक अडचण म्हणजे दिवाळी. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचे, ६ ते ११ तारखेचे सहा दिवस आधीच वजा करा. उरतात २४, आणि ४०,००० भागिले २४ केलं की रोजचे शब्द पुन्हा तेच येतात: १,६६७.