बागेतली छोटी रेल्वे : कायद्याने जबाबदारी कोणाची?

(आमच्याकडून गाडी घेतलेल्या, रूळ टाकून घेतलेल्या किंवा देखभालीचा करार केलेल्या ग्राहकांसाठी)

गाडी रुळावर चढली, चाचणीच्या फेऱ्या झाल्या, की बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात : "आता रेल्वेची काही परवानगी लागते का?" लागत नाही. पण म्हणून मोकळीक मिळाली असे कुणी समजू नये. रेल्वेवर सरकारी यंत्रणेची नजर असते. तुमच्या गाडीवर तशी नजर ठेवणारा कुणी नाही, त्यामुळे ते सगळे काम तुमच्याच अंगावर येते. ते कसे पार पाडायचे, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

रेल्वेचा कायदा तुमच्या गाडीला का लागत नाही

रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये 'रेल्वे' कशाला म्हणायचे ते कलम २ मध्ये दिले आहे. लोकांची किंवा मालाची सार्वजनिक वाहतूक करणारा लोहमार्ग, त्याला जोडलेली साइडिंग, यार्ड, शाखा हे सगळे त्यात येते. व्याख्येच्या शेवटी दोन गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. पहिली, संपूर्णपणे नगरपालिका हद्दीत चालणारी ट्राम. महाराष्ट्रात हा मुद्दा उरलेला नाही, कारण मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. दुसरी गोष्ट म्हणजे प्रदर्शनाचे मैदान, जत्रा, उद्यान किंवा तशाच ठिकाणी निव्वळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ. तुमची गाडी या दुसऱ्या अपवादात बसते.

गाडी लहान आहे किंवा रूळ अरुंद आहेत म्हणून ही सूट मिळते, असा एक गैरसमज आहे. माथेरानची गाडी बघा. तिचे रूळ दोन फुटी आहेत आणि पर्यटक तिला सर्रास 'टॉय ट्रेन' म्हणतात. पण १९०७ पासून नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा घाट चढणारी ही गाडी आज मध्य रेल्वेची आहे आणि तिला रेल्वेचा कायदा पुरेपूर लागू आहे. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याचे प्रकार लागोपाठ घडले तेव्हा ती बंद ठेवण्यात आली. त्यानंतर अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्थानक) ते माथेरान एवढी फेरी सुरू व्हायलाही २०१७ चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणजे सूट ठरते ती वापरावरून. म्हणून रिसॉर्टवाल्या ग्राहकांना आमची कळकळीची सूचना आहे. पार्किंगपासून खोल्यांपर्यंत पाहुण्यांची आणि सामानाची ने-आण याच गाडीने करायचा विचार असेल, तर आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. करमणुकीची फेरी आणि तिकीट घेऊन केलेली वाहतूक यांत कायदा फरक करतो. रूळ दोन्हींसाठी वापरले, तर सूट टिकेलच अशी हमी आम्ही देणार नाही.

रेल्वेला जे आहे आणि तुम्हाला नाही

नवा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला करायचा तर केंद्र सरकारची मंजुरी लागते, आणि त्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त मार्गाची पाहणी करतात. मेट्रोलाही हीच पद्धत आहे, तिच्यासाठी २००२ चा वेगळा कायदा आहे. यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आम्हाला वाटते ती अशी, की हे आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसतात. १९४१ मध्ये ही तपासणी यंत्रणा बोर्डापासून वेगळी केली गेली आणि आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. गाडी चालवणारा आणि ती सुरक्षित आहे असे सांगणारा एकच नसावा, म्हणून ही तजवीज.

तुमच्या बागेत मात्र गाडी चालवणारा, कमाई मोजणारा आणि 'सगळं ठीक आहे' म्हणणारा बहुधा एकच माणूस असतो. वर्षातून एकदा तरी बाहेरच्या यांत्रिकी अभियंत्याकडून गाडी आणि रूळ दोन्ही तपासून घ्या आणि लेखी अहवाल घ्या. आमचा माणूस सर्व्हिसिंगला येतोच, पण त्या तपासणीला तो नको. गाडी आम्ही बनवलेली आहे, आमच्याच कामात खोट काढायला आमचाच माणूस कितपत पुरा पडेल?

मग कोणते कायदे लागतात?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १२५ आहे. कलम २८९ यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाचे. आपल्या ताब्यातल्या यंत्रापासून कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हाच गुन्हा आहे, त्यासाठी अपघात घडलाच पाहिजे असे नाही.

'गाडी ठेकेदार चालवतो, आमचा काय संबंध' असे बागेचे मालक म्हणतात. जून २०२४ मध्ये चंडीगडच्या एका मॉलमध्ये रुळांविना चालणाऱ्या छोट्या गाडीचा मागचा डबा वळणावर उलटला आणि अकरा वर्षांचा मुलगा दगावला. पोलिसांनी चालकाबरोबर गाडीच्या मालकांवरही गुन्हा नोंदवला. मे २०२५ मध्ये वडोदऱ्याच्या कमाटी बागेत चार वर्षांची मुलगी अशाच एका छोट्या गाडीखाली सापडून दगावली. ही दोन्ही लेकरे सुट्टीत मजा करायला आली होती. पुढचे मुद्दे वाचताना हे विसरू नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तिकीट काढणारा प्रत्येक जण तुमचा ग्राहक आहे. सेवेतला निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी ठरते. 'आपल्या जबाबदारीवर बसावे' अशी पाटी लावून ही जबाबदारी टळत नाही. ती पाटी काढून तिथे 'हात बाहेर काढू नका' एवढे मोठ्या अक्षरांत लिहा.

भरपाईचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही वारसांना भरपाई मिळते आणि १ जानेवारी २०१७ पासून ती रक्कम आठ लाख रुपये ठरलेली आहे. तुमच्या गाडीला ती तरतूद नाही, त्यामुळे ती ठरीव रक्कमही नाही. प्रकरण ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जाईल आणि किती द्यायचे ते तिथे ठरेल. म्हणून विमा हवाच. पण पॉलिसी उघडून वाचा. जागेच्या सर्वसाधारण विम्यातून यांत्रिक खेळणी वगळलेली असू शकतात. तुमच्या पॉलिसीत गाडीचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा घातक रसायनांसारख्या पदार्थांसाठी आहे, तो इथे कामाचा नाही.

सार्वजनिक करमणुकीच्या जागेच्या परवान्याचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली होतात. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि इतरत्र जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा. महापालिकेची बाग असेल तर निविदेतल्या सुरक्षेच्या अटी हा तुमचा करारच आहे. करमणुकीच्या यंत्रांसाठी आयएसओ १७८४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत : रचना व निर्मिती, वापर, आणि तपासणी. मानक म्हणजे कायदा नव्हे, पण 'पुरेशी काळजी' घेतली होती का, हे मोजायला तज्ज्ञ अशाच मानकाकडे वळतात.

रोजची कामे

सकाळी पहिल्या फेरीआधी चालकाने पूर्ण मार्ग पायी चालायचा. गाडीत बसून नाही. फिशप्लेटचे (दोन रुळांची टोके जोडणाऱ्या पट्टीचे) सैल बोल्ट, खचलेली खडी, सांध्यात अडकलेला दगड चालतानाच दिसतात. दोन रुळांमधले अंतर वळणांवर गेजच्या पट्टीने मोजा, पावसाळ्यात तर रोज. रात्रभर पाऊस पडला की भरावाची माती बसते आणि एका बाजूचा रूळ खाली जातो. वळणावर असे झाले तर चाकाची कड रुळावर चढते आणि डबा घसरतो.

त्यानंतर रिकामी गाडी चालवून ब्रेकची परीक्षा घ्या. ठरलेल्या खुणेच्या आत थांबली नाही, तर त्या दिवशी गाडी बंद. शाळेची सहल दारात उभी असली तरी बंद. डब्यांमधली कपलिंगची पिन आणि तिच्या जोडीची सुरक्षा साखळी हाताने ओढून बघा.

वेगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वेग वाढवून द्या अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते. समजा, ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो आणि चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो. ताशी आठ किलोमीटर वेगाने गाडी पाचएक मीटरात थांबेल. ताशी सोळाला तिला चौदा मीटरांहून जास्त लागतील. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि वळणावर डब्याला बाहेर ढकलणारा जोरही चौपट होतो. रुळावर धावत आलेल्या मुलासाठी चौदा मीटर फार झाले. म्हणून वेगमर्यादेचे सील आम्ही कुणालाही तोडून देत नाही.

मागच्या डब्यावर शिट्टी आणि लाल-हिरवा झेंडा घेतलेला दुसरा माणूस हवाच. पुढच्या चालकाला मागचा डबा दिसत नाही. सगळे बसले, दारांच्या साखळ्या लागल्या, कुणाचे डोके-हात बाहेर नाहीत हे बघून त्याने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलता कामा नये. एक माणूस वाचवायचा म्हणून दोन्ही कामे चालकाकडे देणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो : अशी गाडी चालवू नका. लहान मुलासोबत मोठे माणूस बसलेच पाहिजे. ओढणी, पदर, पिशव्यांचे बंद आत घ्यायला सांगा. फोटोसाठी उभे राहणाऱ्यांना बसवा, नाही बसले तर उतरवा.

मार्गाला कुंपण घाला. जिथे पायवाट रूळ ओलांडते तिथे फाटक आणि माणूस ठेवा. बागेत लोक गाडीचा रस्ता म्हणून रुळांकडे बघत नाहीत, मुले तर त्यावर खेळतात.

हे सगळे नोंदवहीत त्या-त्या दिवशी, वेळ आणि सहीसह लिहा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही आम्ही पाहिलेली आहे, आणि ती ओळखायला पोलिसांनाही वेळ लागत नाही. 'ब्रेक सैल, फेऱ्या बंद, दुपारी दुरुस्त' अशी एक खरी ओळ शंभर 'ठीक' शेऱ्यांपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाची आहे. दोष सापडला होता आणि तुम्ही गाडी थांबवली होती, याचा तो पुरावा असतो.

अपघात झालाच तर

आधी जखमींना दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. मग गाडी आहे तिथेच सोडा. ती ओढून शेडमध्ये नेऊ नका, ब्रेकला हात लावू नका, वहीत मागाहून काही भरू नका. पोलीस ठाण्याला कळवा, त्यानंतर विमा कंपनीला आणि आम्हाला. रेल्वेला अपघाताची खबर ताबडतोब पोलीस, जिल्हा दंडाधिकारी आणि सुरक्षा आयुक्त यांना देणे बंधनकारक आहे. तुम्हीही त्याच तत्परतेने वागा. चुकता चुकता टळलेले प्रसंगही आम्हाला कळवा. एका बागेत साखळी निखळली तर तशाच साखळ्या बसवलेल्या बाकी सगळ्या गाड्या आम्हाला त्याच आठवड्यात तपासता येतात.

आमची जबाबदारी

ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावरही टाकली आहे आणि ती आम्ही मानतो. प्रत्येक गाडीबरोबर भार व प्रवासी क्षमतेची पाटी, मराठीतली वापर-पुस्तिका, छापील नोंदवही आणि चालक व मागचा माणूस अशा दोघांचे प्रशिक्षण आम्ही देतो. चालक बदलला तर नव्या माणसाला पाठवा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. मात्र आम्हाला न विचारता जादा डबा जोडला, मोटार बदलली किंवा बाके वाढवली, तर त्या फेरफारातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी आमच्याकडे राहणार नाही, कायद्यातही तशी तरतूद आहे. डबा वाढवायचाच असेल तर आधी कळवा. ब्रेक आणि वळणे तो भार पेलतील का, हे जागेवर येऊन तपासू आणि लेखी कळवू. पेलणार नसतील तर नाही म्हणू.