एसीएलएसचं कार्ड आहे, मग एफसीसीएस कशाला?

इंटर्नशिप संपलेली, रेसिडेन्सीची जागा अजून हातात नाही आणि मधल्या काळात आयसीयूत ज्युनिअर म्हणून ड्युट्या धरलेल्या. अशा नव्या डॉक्टरांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘माझं एसीएलएस झालंय, आता एफसीसीएस करायची गरज आहे का?’ गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही कोर्स साधारण दोन दिवसांचे, दोन्हींत मॅनिकिन (सरावासाठीचा पुतळा), दोन्हींच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. बायोडेटात एकाखाली एक लिहिले की जुळे भाऊच वाटतात.

एसीएलएस म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट, अमेरिकन हार्ट असोसिएशनचा. एफसीसीएस म्हणजे फंडामेंटल क्रिटिकल केअर सपोर्ट, सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा. नावात ‘सपोर्ट’ तेवढा सामाईक.

एसीएलएसचा गाभा सुरू होतो तो नाडी लागत नाही त्या क्षणापासून. पुढचं सगळं घड्याळावर चालतं. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मधला खंड १० सेकंदांच्या आत. दर दोन मिनिटांनी मॉनिटरवर हृदयाचा रिदम बघायचा: विजेचा शॉक देण्याजोगा आहे की नाही? अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. लीडर सांगतो, ‘अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम द्या’, आणि देणारा मोठ्याने म्हणतो, ‘अ‍ॅड्रेनलिन दिलं’. पहिल्यांदा हे नाटकी वाटतं. बेडभोवती आठ माणसं एकदम बोलायला लागली की त्याची किंमत कळते. या कोर्सात विचारापेक्षा सवयीवर भर आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. रात्री तीन वाजता डोकं चालत नसताना हात चालले पाहिजेत, म्हणून. कार्डाची मुदतही दोनच वर्षं असते, कारण सवय मोडते.

एसीएलएस फक्त बंद पडलेल्या हृदयापुरतं आहे असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. ठोके फार मंद किंवा फार जलद झाले तर काय करायचं, हृदय परत सुरू झाल्यावर काय सांभाळायचं, हेही त्यात शिकवतात. २०१५च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर रुग्णालयातल्या रुग्णांचा जीव वाचवण्याच्या टप्प्यांच्या साखळीची पहिलीच कडी ‘लक्ष ठेवणं आणि टाळणं’ अशी होती. पण शिकणाऱ्याच्या अंगात मुरतो तो अल्गोरिदम, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांचा क्रम. आणि अल्गोरिदमला ठरलेली सुरुवात लागते.

एफसीसीएसमधल्या रुग्णाला नाडी असते. त्रास तिथेच आहे. आयसीयूतला तज्ज्ञ हाताशी नाही, रुग्ण खचत चाललाय, अशा वेळी पहिले काही तास, फार तर पहिला दिवस कसा काढायचा, हा या कोर्साचा विषय. क्रिटिकल केअरमध्ये पारंगत नसलेल्यांसाठीच तो बेतलेला आहे. शॉकमधला (म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेला) रुग्ण, दम लागलेला रुग्ण, रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचणं, व्हेंटिलेटरची पहिली सेटिंग, आणि सगळ्यात आधी, कोण बिघडतोय हे ओळखणं.

या ओळखण्याला इतकं महत्त्व का? १९९० साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडल्याची किंवा नवी तक्रार सुरू झाल्याची नोंद सापडली. म्हणजे कागदावर सगळं होतं. एसीएलएस त्या आठ तासांच्या शेवटी उभं असतं, एफसीसीएस सुरुवातीला.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खिशात नवंकोरं एसीएलएस कार्ड होतं. न्यूमोनियाचा रुग्ण, मास्कने ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९६, रक्तदाब ठीक. मी केसपेपरवर ‘स्टेबल’ लिहिलं आणि पुढच्या बेडकडे वळलो. सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टर, श्वास मोजलेत का?’ मोजले नव्हते. मॉनिटरवर १८ दिसत होते, त्यावर विसंबलो होतो. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजले तर ३८. मानेचे स्नायू ओढले जात होते आणि एक वाक्य बोलताना त्याला तीनदा थांबावं लागत होतं. सॅच्युरेशन चांगलं होतं ते ऑक्सिजनच्या जोरावर. तो स्वतः दमत चालला होता. एसीएलएसचं कुठलंच पान त्या क्षणी उपयोगी नव्हतं. नाडी होती, रिदम नॉर्मल होता. ‘स्टेबल’ हा शब्द त्यानंतर मी फार जपून लिहितो.

व्हेंटिलेटरचंही तसंच. प्रेशरचा अलार्म वाजतो, पीक प्रेशर (श्वास आत ढकलतानाचा सर्वांत जास्त दाब) ४५ दिसतं. नवा डॉक्टर बहुतेक वेळा अलार्म बंद करून सिनियरला फोन लावतो. एफसीसीएसच्या व्हेंटिलेटर स्टेशनवर यासाठी एक साधी युक्ती दाखवतात: श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून प्लॅटू प्रेशर बघा. पीक ४५ आणि प्लॅटू २० असेल तर अडथळा वाटेत आहे. ट्यूब चावली जातेय, मुडपलीय, कफ अडकलाय किंवा श्वासनलिका आवळल्यात. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) आत जातंय का ते पाहा. प्लॅटूही ३८ असेल तर दोष खुद्द फुप्फुसात किंवा छातीत आहे: हवा छातीत साठली असेल, ट्यूब एकाच फुप्फुसात उतरली असेल. सॅच्युरेशन किंवा रक्तदाब ढासळत असेल तर हे गणित नंतर. आधी मशीन काढून बॅगने हाताने श्वास द्यायचा.

दुसरं उदाहरण टायडल व्हॉल्यूमचं, म्हणजे मशीन एका श्वासात किती हवा देतं त्याचं. इथे चुका जास्त होतात. १६५ सेंटिमीटर उंचीचा, ९५ किलो वजनाचा पुरुष. किलोमागे ६ मिलिलिटर द्यायचे म्हणून ५७० लावले तर चुकलं. हिशेब उंचीवरून काढलेल्या वजनाचा असतो, ते इथे साधारण ६१.५ किलो भरतं, म्हणजे ३७० मिलिलिटर. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. हे ६ मिलिलिटर आले ते एआरडीएसच्या (फुप्फुसांना तीव्र इजा होऊन श्वास अपुरा पडण्याच्या आजाराच्या) ८६१ रुग्णांवरच्या, २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून. किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्या गटात मृत्यू ३९.८ टक्के, ६ दिलेल्या गटात ३१. नॉबवर फिरवलेला एक आकडा एवढा फरक करतो. असं काही शिकण्यासाठी एसीएलएसच्या वेळापत्रकात जागाच नाही, आणि असायचं कारणही नाही.

तर आधी कोणता? माझं मत स्पष्ट आहे. एसीएलएस पहिल्या रात्रपाळीच्या आधी करा. हृदय बंद पडलं तर शिकायला उसंत मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्या कार्डाशिवाय ड्युटीच देत नाहीत. एफसीसीएसला मात्र आयसीयूत महिना-दीड महिना उभं राहून मग जा. अलार्म कानांनी ऐकलेला नसेल तर पीक आणि प्लॅटूचं व्याख्यान डोक्यावरून जातं. ऐकलेला असेल तर त्याच स्लाइडवर ‘अरे, बेड चारचं हेच होतं’ असं होतं. आधी गेलात तर वाया जात नाही, पण अर्धं तिथेच राहतं. दोन्ही कार्डं मिळाली म्हणून ‘आयसीयू ट्रेन्ड’ असं मात्र बायोडेटात लिहू नका. मुलाखत घेणारा पहिल्याच प्रश्नात ते सोलून काढतो.

कारण काही गोष्टी दोन्ही कोर्सांच्या बाहेरच राहतात. १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा व्हेंटिलेटर पुरेनात. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून रुग्णांच्या श्वासनलिकेत ट्यूब घालून बॅगने श्वास द्यायला सुरुवात झाली, आणि ती बॅग दाबायला बसवली वैद्यकीय विद्यार्थ्यांना. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, रुग्णाच्या उशाशी बसून हाताने श्वास देत होते. आयसीयूचा जन्म त्यातूनच झाला असं मानतात. कार्ड कुणाकडेच नव्हतं, अलार्मही नव्हते. कफ साठला की बॅग दाबायला जड जाते, हे त्यांना तळहाताला कळत होतं. संधी मिळेल तेव्हा, वरिष्ठ शेजारी असताना, बॅग हातात घेऊन पाहा. सक्शनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.