साबी सँड : शिकारी छावणी ते आलिशान सफारी लॉज

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून साबी सँड हे सुमारे ६५ हजार हेक्टरांचे खासगी अभयारण्य आहे. मालामाला, लोंडोलोझी, सिंगिता ही जगभर नावाजलेली सफारी लॉज येथेच आहेत. येथील दिनक्रम ठरलेला असतो : दिवस उजाडताना एक फेरी, दुपारी विश्रांती, आणि ऊन उतरल्यावर सुरू होऊन अंधारात प्रकाशझोताच्या साहाय्याने पूर्ण होणारी दुसरी फेरी. उघड्या लँड रोव्हरच्या पुढच्या कोपऱ्यावर, बॉनेटला लागून, एक लहानशी खुर्ची जोडलेली असते आणि तिच्यावर ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा माणूस, बसतो. त्याने हात वर केला की गाडी थांबते. तो उतरून वाळूतल्या ठशापाशी वाकतो. ठशाची कड अजून धारदार आहे की ढासळू लागली आहे, दव ठशाखाली दबले आहे की ठशावर पडले आहे, रात्री एखाद्या किड्याने त्यावरून आपली रेघ ओढली आहे का, एवढ्यावरून बिबट्या किती वेळापूर्वी आणि कोणत्या दिशेने गेला हे तो सांगतो. पाहुणे जे पैसे मोजतात त्यात पुष्कळ सुखसोयी येतात. पण माझ्या मते त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट ही विद्या आहे, आणि या लॉजच्या इतिहासात ती ज्यांच्याकडे होती त्यांचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

हा प्रदेश सखल आणि उष्ण. मलेरिया आणि त्सेत्से माशी यांच्या धास्तीने गोरे वसाहतवाले येथे कायमचे राहत नसत. मात्र हिवाळ्यात शिकारी येत, आणि हस्तिदंत व कातडी यांच्या व्यापारापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील वन्यजीवन पार खालावले होते. त्यात १८९६ मध्ये बुळकांडीची साथ आली आणि गुरांबरोबर रानरेडेही मोठ्या संख्येने मेले. १८९८ साली ट्रान्सवाल या बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला पट्टा राखीव घोषित केला. पाठोपाठ बोअर आणि ब्रिटिश यांच्यात युद्ध झाले, सत्ता ब्रिटिशांकडे गेली, आणि १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन यांची वॉर्डन म्हणून नेमणूक झाली. १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. आज क्रूगर उभे आहे त्यात त्यांच्या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे, हे निःसंशय. परंतु त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे राखीव क्षेत्रात राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांना बाहेर काढणे, हेही तितकेच खरे आहे. गस्त घालण्यासाठी मात्र त्याच समाजांतली माणसे नेमण्यात आली, कारण रान त्यांनाच ठाऊक होते. त्या काळात सिंह, बिबटे आणि रानकुत्रे यांना उपद्रवी ठरवून गोळ्या घातल्या जात. हरणे वाढावीत म्हणून शिकारी प्राणी कमी करावेत, हाच तेव्हाचा संवर्धनाचा विचार होता.

प्राणी केवळ पाहण्यासाठी लोक पैसे देतील, ही कल्पना येथे रुजली ती रेल्वेमुळे. राखीव क्षेत्रातून सेलाटीचा लोहमार्ग जात होता. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकन रेल्वेने ‘राउंड इन नाइन’ या नावाने नऊ दिवसांची सहल सुरू केली. तिच्या कार्यक्रमात साबी ब्रिज येथे मुक्काम होता. शेकोटी पेटवली जाई, रेंजरसोबत प्रवासी थोडे रानात फिरून येत. इतर प्रेक्षणीय स्थळांच्या मानाने किरकोळ समजला गेलेला हा थांबाच प्रवाशांना सर्वांत जास्त आवडला. खाणी, मेंढ्यांची कुरणे आणि शेती यांच्यासाठी ही जमीन मोकळी करावी, असा दबाव असताना लोकमत उद्यानाच्या बाजूने वळायला या सहलींनी मोठी मदत केली. ३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. पुढच्या वर्षी पर्यटकांच्या अवघ्या तीन मोटारी आत आल्या. साबी ब्रिजचे पुढे स्कुकुझा, म्हणजे उद्यानाची मुख्य छावणी, झाले, आणि त्याच जुन्या पुलावर २०२० पासून रेल्वेच्या डब्यांतले आलिशान हॉटेल चालते.

साबी सँडची कथा याच १९२६ च्या सीमारेषेपासून वेगळी होते. उद्यानाची हद्द आखताना पश्चिमेकडील खासगी मालकीच्या जमिनी वगळण्यात आल्या. त्याच वर्षी चार्ल्स व्हार्टी आणि फ्रँक उंगर यांनी स्पार्टा नावाचे शेत विकत घेतले. शेती त्यांना करायची नव्हती. त्यांना सिंहांची शिकार हवी होती. शेजारचे मालामाला नाताळ प्रांतातील साखर उद्योजक विल्यम कॅम्पबेल यांनी घेतले, तेही शिकारीसाठीच. हिवाळ्यात कुटुंबे आणि मित्र यावेत, मातीच्या गोल झोपड्यांत राहावे, स्थानिक माग काढणाऱ्याला पुढे घालून शिकार करावी, असा हा परिपाठ होता. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे आज प्रत्येक माहितीपत्रकावर झळकणारे ‘बिग फाइव्ह’ त्याच परंपरेतले आहेत : पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक असणारे पाच प्राणी. आकार किंवा दुर्मीळता यांच्याशी त्या निवडीचा संबंध नाही, आणि म्हणूनच चित्ता किंवा जिराफ त्यात नाही.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती १९६० नंतर. रॅट्रे कुटुंबाकडे आलेल्या मालामालाने छायाचित्रणाच्या सफारींना व्यवसायाचे रूप दिले. १९६९ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर डेव्ह आणि जॉन या किशोरवयीन व्हार्टी बंधूंनी, म्हणजे चार्ल्स यांच्या नातवांनी, स्पार्टा विकण्याचे नाकारले आणि १९७३ मध्ये लोंडोलोझी सुरू केले. तेव्हा जमिनीची अवस्था चांगली नव्हती. गवताळ मोकळे रान झुडपांनी भरले होते. परिसंस्थातज्ज्ञ केन टिनली यांच्या सल्ल्याने झुडपे काढून ओलसर कुरणे पूर्ववत करण्यात आली. १९७९ च्या सुमारास एका बिबट्याच्या मादीने गाडीचे अस्तित्व सहन करायला सुरुवात केली, आणि जॉन व्हार्टी व ट्रॅकर एल्मन म्लोंगो यांनी तिचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. आईच्या वागण्यातून पिल्लेही गाडीला न घाबरणारी झाली. एकेकाळी ज्याला उपद्रवी म्हणून मारले जाई, त्याच प्राण्यासाठी आज लोक समुद्र ओलांडून येतात, हा बदल मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

क्रूगर आणि साबी सँड यांच्यामध्ये १९६१ च्या सुमारास कुंपण घातले गेले होते. गुरांमधील लाळ-खुरकूत रोगाचा प्रसार रोखणे हा हेतू. त्याने प्राण्यांच्या हंगामी वाटा तुटल्या. १९९३ मध्ये हे कुंपण काढल्यावर हत्ती पुन्हा मोकळेपणाने पश्चिमेला येऊ लागले. मात्र नियम दोन्हीकडे वेगळेच राहिले. क्रूगरच्या सार्वजनिक भागात स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्या पर्यटकाला रस्ता सोडता येत नाही आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी परतावे लागते. खासगी रानात गाडी माग घेत झुडपांत शिरू शकते, आणि एका प्राण्याभोवती मोजक्याच गाड्या राहतील हे वायरलेसवरून ठरवले जाते. महागड्या दराचा मोठा भाग या मोकळिकीचा असतो.

हा नमुना भारतातही आला. डेव्ह व्हार्टी जिच्या संस्थापकांपैकी होते, त्या कन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन आफ्रिका या कंपनीने ताज समूहाशी भागीदारी केली आणि २००६ पासून बांधवगडसह मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांलगत लॉज उभी राहिली. ठरलेल्या रस्त्यांवरून, वनखात्याच्या वेळेत आणि गाड्यांच्या कोट्यात जाणारी आपली जिप्सी मात्र साबी सँडपेक्षा क्रूगरच्या सार्वजनिक भागाच्या अधिक जवळची आहे.

जमिनीचा प्रश्न वंशभेदाची राजवट संपेपर्यंत कोणी विचारातच घेतला नाही. क्रूगरमध्ये काळ्या पाहुण्यांसाठी दीर्घकाळ बालुले ही एकच साधी छावणी होती. एरवी ते तिथे असत ते नोकर म्हणून. १९६९ मध्ये उद्यानाच्या उत्तर टोकावरून हुसकावलेल्या माकुलेके समाजाला १९९८ मध्ये जमीन परत मिळाली. त्यांनी तेथे वस्ती न करता रान राखले आणि लॉजना करारावर जागा दिली. २०१३ मध्ये सरकारने सुमारे १ अब्ज रँड (दक्षिण आफ्रिकेचे चलन) मोजून मालामालाची जवळपास १३ हजार हेक्टर जमीन न्वांडल्हामहारी समाजाच्या नावे केली. लॉज पूर्वीप्रमाणेच चालू आहे. फरक इतकाच, की ज्या जमिनीवर ते उभे आहे ती आता त्या समाजाची आहे आणि व्यवसायाचा करार त्याच्याशी करावा लागतो.