बोट कुठे आहे, हे कोणाकोणाला कळते?

हर्णै किंवा मिरकरवाड्याहून सुटलेल्या ट्रॉलरवर एआयएस (बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगणारे यंत्र) चालू असेल, तर तिचा ठावठिकाणा तटरक्षक दलाबरोबर किनाऱ्यावरच्या कोणालाही मिळू शकतो. टक्कर टळावी म्हणून हे यंत्र मुद्दाम उघड बोलते. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर ते बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय हा ओळख क्रमांक (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो), अक्षांश-रेखांश, वेग आणि दिशा पाठवते. 'बी' वर्गाचा साधा संच २ वॉटचा असतो. वेग २ नॉटच्या वर गेला की तो दर ३० सेकंदांनी बोलतो, नांगरावर दर ३ मिनिटांनी. संदेश एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक लिपीत लपवलेला, नसतो, आणि तो खरोखर त्याच बोटीचा आहे का, हे तपासायची सोयही नसते. खोटी बोट नकाशावर उभी करता येते ती त्यामुळेच.

ऐकायला यूएसबीचा स्वस्त रिसीव्हर, व्हीएचएफ अँटेना आणि मोफत सॉफ्टवेअर पुरते. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंच सड्यावर अँटेना लावली आणि बोटीवरची ५ मीटरवर असली, तर साधारण ३८ किलोमीटरपर्यंत ऐकू येते. तरीही एआयएस बंद करू नये. रात्री व्यापारी जहाजांच्या वाटेवर जाळे टाकून बसलेल्या बोटीचा जीव त्यावर असतो.

सरकारी नजरेचा प्रश्न वेगळा आहे. २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईकडे आले, तेव्हा बोटींची ओळख पटवणे गरजेचेच होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपॉन्डर (बोटीची जागा कळवणारा आणि संदेश देणारा-घेणारा संच) योजनेचा प्रारंभ झाला. उद्दिष्ट १ लाख बोटींचे. वादळाची सूचना खोल समुद्रात पोहोचते, संकटात हाक देता येते, हा फायदा मोठा आहे. पण नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कोणत्या खात्याला दाखवायच्या, हे मच्छीमार सोसायट्यांनी लेखी मागावे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला, मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे.

तांडेलाची (बोटीच्या म्होरक्याची) खरी पुंजी मात्र जीपीएस प्लॉटरमध्ये, म्हणजे बोटीची जागा नकाशावर दाखवून साठवणाऱ्या यंत्रात, असते: मासळी लागणाऱ्या जागा, जाळे फाडणारे खडप, वर्षानुवर्षांचे ट्रॅक. प्लॉटर दुरुस्तीला देताना आधी हे सगळे मेमरी कार्डवर उतरवावे, कार्ड काढून घ्यावे, मग फॅक्टरी रीसेट करावा. मोबाइलमधल्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी 'वापरतानाच' एवढीच द्यावी.

जुना एआयएस संच विकत घेतल्यास पहिल्या मालकाचा क्रमांक आत राहतो. बहुतेक 'बी' संचांत तो एकदाच भरता येतो, पुढे विक्रेत्याकडूनच बदलून घ्यावा लागतो. तो तसाच राहिला आणि पहिल्या मालकाने नव्या संचातही तोच भरला, तर एकच बोट नकाशावर दोन जागी उड्या मारताना दिसते, आणि संकटाच्या वेळी शोधपथक भलत्याच मालकाला फोन लावते.