महाधिवक्ता : राज्याचा वकील की सरकारचा?

राज्यात सत्तांतर झालं की बदल्या-नेमणुकांच्या धामधुमीत एक छोटी बातमी हमखास येते : महाधिवक्त्यांचा राजीनामा, नवे महाधिवक्ता अमुक. वाचणारा पुढे सरकतो. पण या पदाची बातमी एवढ्यावर सोडून द्यावी असं ते पद नाही. मुख्य सचिवाला राज्यघटनेत जागा नाही, पोलीस महासंचालकालाही नाही; महाधिवक्त्यासाठी मात्र घटनेत स्वतंत्र अनुच्छेद आहे, १६५ वा. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीला राज्यपालांनी नेमायचं, तिने राज्य सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहायचं. पुढे १७७ व्या अनुच्छेदाने तिला विधानसभेत आणि विधान परिषदेत उभं राहून बोलण्याचाही हक्क दिला आहे. मत तेवढं देता येत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाचे ‘प्रधान सचिव व विधी परामर्शी’ वेगळे आणि महाधिवक्ता वेगळे. परामर्शी फायलीवर रोजचा सल्ला देतात, मसुदे तपासतात. महाधिवक्ता हा वकिली करणारा माणूस असतो. प्रकरण जड असलं, एखाद्या कायद्याच्या वैधतेलाच आव्हान मिळालं, की ‘एजींना बोलवा’ असं ठरतं; एजी म्हणजे ॲडव्होकेट जनरल, महाधिवक्त्याचं इंग्रजी नाव. अशा प्रकरणात त्यांना नोटीस गेल्याशिवाय न्यायालयाने निकालच देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहिताही सांगते.

हे पद इंग्रजांच्या अमदानीतलं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांत ईस्ट इंडिया कंपनीला राजाच्या न्यायालयांत आपली बाजू मांडायला बॅरिस्टर लागत; तिथून ॲडव्होकेट जनरल आला. १८१३ च्या सनदी कायद्याने त्याला राजाच्या वतीनेही फिर्याद दाखल करण्याचा अधिकार दिला. म्हणजे कंपनीचा पगार घेणारा हा माणूस त्याच वेळी राजाचाही वकील झाला. एका अंगावर दोन झगे, अशी ही सुरुवात. पुढे १९१५ च्या भारत सरकार कायद्यात या तिन्ही इलाख्यांच्या ॲडव्होकेट जनरलची नेमणूक खुद्द ब्रिटनच्या राजाकडे ठेवलेली दिसते. इथला गव्हर्नर त्यांना सहजासहजी हलवू शकत नव्हता.

हा अधिकारी कोर्टात उभा राहिलेला पाहायचा असेल, तर १८ मार्च १९२२ ची दुपार घ्यावी. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाहीबागेतल्या सर्किट हाऊसमध्ये न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधी आणि शंकरलाल बँकर आरोपी म्हणून उभे होते. गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातल्या तीन लेखांसाठी राजद्रोहाचं कलम १२४ अ लावलेलं होतं. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल सर थॉमस स्ट्रँगमन उभे राहिले. गांधीजींनी गुन्हा कबूल करून टाकला. तरीही स्ट्रँगमन यांनी आग्रह धरला की आरोपांची पूर्ण चौकशी व्हावी, सगळं कागदावर यावं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. शिक्षेबद्दल बोलताना मग स्ट्रँगमन यांनी चौरीचौरा, मद्रास आणि मुंबईत झालेल्या हिंसेकडे बोट दाखवलं. आरोपी सुशिक्षित आहे, लोकांचा मान्य नेता आहे, म्हणून त्याची जबाबदारी अधिक, असं मांडलं. यानंतर गांधीजी बोलायला उभे राहिले ते या मांडणीला संपूर्ण दुजोरा देऊनच : ॲडव्होकेट जनरलांनी आपल्याबद्दल जे म्हटलं ते न्याय्यच आहे, असं त्यांनी सांगितलं. ब्रूमफील्ड यांनी लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्याची आठवण काढून तेवढीच, सहा वर्षांची, शिक्षा दिली. माझ्या लेखी त्या दिवशीच्या स्ट्रँगमन यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते ज्या सत्तेसाठी उभे होते ती अन्याय्य होती, पण आरोपीबद्दल खोटं त्यांनी काही रचलं नाही. वकिलाच्या प्रामाणिकपणाची पावती त्याच्या विरुद्ध बाजूच्या माणसाने द्यावी, हे रोज घडत नाही.

राजद्रोहाच्या खटल्यांपलीकडे या पदाचं एक अगदी वेगळं काम होतं. देवस्थान किंवा धर्मादाय संस्थेचे विश्वस्त पैसा खाऊ लागले, तर लोकांना थेट दावा लावता येत नसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ प्रमाणे, त्या संस्थेत हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी आधी ॲडव्होकेट जनरलची लेखी संमती घ्यायची. मुंबई शहराबाहेर सरकारच्या मंजुरीने हा अधिकार कलेक्टर वापरत. गावकऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आहे की नुसतं वैर, हे तोलणारा माणूस इथे सरकारचा वकील नव्हता. तो सार्वजनिक हिताचा राखणदार होता. मुंबई इलाख्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि ते काम धर्मादाय आयुक्तांकडे गेलं. त्याच जातीचं एक काम मात्र आजही महाधिवक्त्याकडे आहे. कुणाही नागरिकाला उच्च न्यायालयात न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची याचिका करायची असेल, तर १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यांची लेखी संमती लागते. समजा, अवमान एखाद्या मंत्र्यानेच केला आहे. तरी संमती देणारा माणूस तोच, त्या मंत्र्याच्या सरकारला सल्ला देणारा.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक प्रांताला ॲडव्होकेट जनरल दिला आणि त्याची मुदत गव्हर्नरच्या मर्जीवर ठेवली. आजचा अनुच्छेद १६५ बराचसा तिथूनच उचललेला आहे. १९३७ मध्ये मोतीलाल सेटलवाड मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ १९३९ मध्ये पायउतार झालं. सेटलवाड पदावर राहिले, ते १९४२ मध्ये स्वतः राजीनामा देईपर्यंत. मद्रासमध्ये अल्लादी कृष्णस्वामी अय्यर १९२९ पासून १९४४ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. या काळात तिथे एकाहून अधिक मंत्रिमंडळं आली आणि गेली.

हे अल्लादी पुढे घटनेच्या मसुदा समितीचे सदस्य झाले. म्हणूनच १९४८ च्या मसुद्यातली एक ओळ वाचताना मी अडखळलो. त्यात अनुच्छेद १४५ मध्ये लिहिलं होतं की राज्याच्या मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की महाधिवक्त्यानेही पद सोडावं. फार तर नवा येईपर्यंत किंवा फेरनेमणूक होईपर्यंत थांबावं. म्हणजे मंत्रिमंडळाबरोबर यायचं आणि त्याच्याबरोबरच जायचं. १९४९ मध्ये घटना समितीत चर्चा होऊन ती ओळ गळली आणि राज्यपालांच्या मर्जीची जुनी भाषा राहिली. माझ्या मते या पदाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच. राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचा सल्ला, हे खरंच. पण घटनेने महाधिवक्त्याला मुख्यमंत्र्याच्या खुर्चीला बांधलेलं नाही. सरकार बदलताच राजीनामा द्यायचा हा आपण पाडलेला पायंडा आहे. तो कायदा नाही.

पद नवं असतानाच नागपुरात त्याची परीक्षा झाली. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तिथले महाधिवक्ता त्र्यं. ल. शेवडे यांनी साठी ओलांडलेली होती आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय तेव्हा साठ होतं. न्यायाधीशाची पात्रता लागते तर वयाची अटही लागू होते, असं म्हणून करकरे नावाच्या याचिकाकर्त्यांनी नेमणुकीला आव्हान दिलं. १९५२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने ते फेटाळलं : पात्रता एक आणि निवृत्तीचं वय दुसरं. महाधिवक्त्याला वयाची मर्यादा नाही ती अशी.

महाराष्ट्राच्या वाट्याला एक फार मोठा माणूस आला, होरमसजी सीरवाई. १९५७ ते १९७४, सलग सतरा वर्षं. द्विभाषिक मुंबई राज्यात ते आले, महाराष्ट्र झाल्यावरही राहिले. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतराव नाईकांपर्यंत मुख्यमंत्री बदलले. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे ते केरळ सरकारतर्फे उभे होते आणि समोर होते नानी पालखीवाला. दोघेही पूर्वीचे ॲडव्होकेट जनरल सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये तयार झालेले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, अशी सीरवाईंची बाजू. २४ एप्रिल १९७३ ला निकाल विरुद्ध गेला. पुढे आणीबाणी पाहिल्यावर याच सीरवाईंनी आपल्या घटनाविषयक ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत मत बदललं आणि मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही हे, मान्य केलं. ज्या मुद्द्यासाठी जिवापाड भांडलो तोच चुकीचा होता, असं छापून कबूल करायला कणा लागतो.

अलीकडे मुदती आखूड झाल्या. लोकनायक बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे २०१५ मध्ये महाधिवक्ता झाले. वेगळ्या विदर्भाची बाजू ते आधीपासून उघडपणे मांडत. मार्च २०१६ मध्ये जालन्यात त्यांनी मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याचा विषय काढला, विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्चला त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. राज्याच्या वकिलाने त्या राज्याच्याच विभाजनाची बाजू मांडावी का, हा प्रश्न रास्त होता. पण आरडाओरड सुरू होती ती सरकारची अडचण किती झाली यावर. राज्याचा वकील कुणाला बांधील असतो यावर सभागृहात शांतपणे बोलणं झालं असतं, तर ते पुढच्या प्रत्येक महाधिवक्त्याच्या उपयोगी पडलं असतं.

योगायोगाने त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका प्रकरणात सांगितलं की महाधिवक्त्यांच्या हाताखालच्या विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुका वशिल्याने नव्हे, पारदर्शक पद्धतीने आणि गुणवत्ता पाहून व्हायला हव्यात. त्यांचं मानधन जनतेच्या तिजोरीतून जातं. पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच पंजाबात सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनीच विरोध केल्यामुळे महाधिवक्त्यांना अवघ्या काही आठवड्यांत पायउतार व्हावं लागलं.